नवी रक्तवाहिनी आणि पेशीचा सांगाडा



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून अनेकांच्या कपाळाला आठी पडली असेल, हे मी जाणतो. इतिहास, साहित्य, नाट्य हे अशा व्यासपीठाचे हक्काचे विषय. त्यांच्या पंगतीत पेशीचा सांगाडा हा पाहुणा जरा आगंतुकच दिसतो. तरीही चिटणिसांनी आग्रह केला आणि मी आलो, ह्याला कारण आहे. आपल्या विठ्ठलवाडीतील एखादी चाळ घ्या, नाहीतर पलीकडे उल्हासनगरच्या कॅम्पातील सिंधी बांधवांची एखादी बराक घ्या. तिथे मधुमेहाने दृष्टी अधू झालेला कोणी ना कोणी भेटतो, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाची हकीकतही ऐकायला मिळते. ही दोन दुखणी एकमेकांना ओळखत नाहीत असे आपण समजतो. एक साखरेचे, दुसरे तंबाखूचे. परंतु दोहोंच्या वाटेवर एक घटना सारखीच घडते. नको त्या जागी नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

मोठ्या माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या सहसा फुटत नाहीत. आईच्या पोटात जे जाळे विणले जाते आणि वाढीच्या वयात जे पसरते, त्यावरच पुढचे आयुष्य काढायचे असते. अपवाद थोडे आहेत. जखम भरताना नव्या वाहिन्या येतात, स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात महिन्याच्या महिन्याला येतात, गर्भ राहिला म्हणजे वारेत येतात. काम संपले की पुन्हा सारे शांत. रक्तवाहिनीला आतून जे पेशींचे पातळ अस्तर असते, त्यातली एकेक पेशी वर्षानुवर्षे निजलेली असते, पण उठण्याची ताकद तिने टाकलेली नसते.

आता गंमत पाहा. गंमत म्हणवत नाही, पण शास्त्रज्ञाला ती तशीच वाटते. मधुमेह्याच्या पायाची जखम चिघळते तेव्हा ही अस्तरपेशी पुरेशी जागी होत नाही ही तक्रार असते. त्याच मधुमेह्याच्या डोळ्यात ती भलतीच जागी होते ही दुसरी तक्रार. माणूस एक, रोग एक, रक्तातली साखर एक. पायाला हवी ती वाहिनी येत नाही आणि डोळ्यात नको ती येते. ह्या विसंगतीचे उत्तर केवळ रक्तात शोधून चालत नाही. पेशी जिथे बसली आहे ती जागा आणि पेशीच्या आतली बांधणी, ह्या दोहोंकडे जावे लागते.

थोडे मागे जाऊ. विल्यम हार्वे ह्याने १६२८ साली रक्त शरीरात फिरते हे सिद्ध केले, पण धमन्यांतले रक्त शिरांत कसे उतरते हे त्याला दिसले नाही. त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. १६६१ साली इटलीच्या मार्सेलो माल्पिगी ह्याने बेडकाच्या फुप्फुसावर भिंग धरले आणि मधला दुवा सापडला. ह्याच त्या केशवाहिन्या. नाव केसावरून पडले असले तरी त्या केसापेक्षा पुष्कळ बारीक असतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. तांबड्या रक्तपेशीची रुंदी सातआठ मायक्रोमीटर, आणि केशवाहिनी इतकी अरुंद की रक्तपेशींना तिच्यातून पंढरीच्या दर्शनबारीतल्या वारकऱ्यांप्रमाणे एकामागून एकच जावे लागते, कधी कधी अंग चोरून. शरीरातली बहुतेक कोणतीही पेशी अशा एखाद्या वाहिनीपासून एकदोन दशांश मिलिमीटरच्या पलीकडे राहत नाही. त्यापलीकडे प्राणवायू पोचत नाही.

हाच नियम कर्करोगाच्या गाठीलाही लागू आहे, आणि हे ठासून सांगणारा पहिला माणूस म्हणजे बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील शल्यविशारद ज्यूडा फोकमन. १९७१ साली त्याने मांडले की गाठ मिलिमीटर-दोन मिलिमीटरची झाली की तिची वाढ अडते. पुढे वाढायचे तर तिला शेजारच्या रक्तवाहिन्यांतून स्वतःकडे फाटे ओढून घ्यावे लागतात. हे फाटे रोखले तर गाठ उपाशी राहील. बरीच वर्षे लोकांनी त्याला वेड्यात काढले. पुढे गाठी आणि उपाशी पेशी जो रासायनिक निरोप पाठवतात तो सापडला. अमेरिकेत नेपोलिऑन फेरारा ह्याने १९८९ साली तो शुद्ध स्वरूपात हाती आणला. त्याला व्ही.ई.जी.एफ. म्हणतात, आपण त्याला 'वाहिनीवर्धक' म्हणू. हा निरोप वाटेतच पकडणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. तेच औषध आता डोळ्यांचे डॉक्टर दृष्टिपटलाच्या रोगांत सुईने डोळ्यात देतात.

ही हकीकत वर्तमानपत्रांतून येऊन गेली आहे. तिचा अर्थ असा घेतला गेला की हुकूम अडवला की काम फत्ते. कर्करोगात तसे झाले नाही. काही रोगांत आयुष्य काही महिन्यांनी वाढले, पण गाठी पुन्हा वाटा काढू लागल्या. हुकूम ही अर्धीच गोष्ट होती. सरकारी हुकूम सुटला तरी तलाठ्याच्या दप्तरात तो कसा अमलात येतो ह्यावर सारे अवलंबून असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पेशीतले हे दप्तर म्हणजे तिचा सांगाडा.

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असे चित्र शाळेपासून आपल्या मनात बसलेले असते. तसे असते तर तिला आकारच राहिला नसता. मग ती उभी कशी राहते? उभे राहण्याच्या दोन तऱ्हा आपल्या परिसरातच पाहायला मिळतात. अंबरनाथचे शिवालय घ्या, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधले. ते दगडावर दगड बसून, भाराने उभे आहे. दुसरी तऱ्हा आपल्या डोक्यावर आहे. हा मंडप भाराने उभा नाही; बांबू वर रेटतात, दोऱ्या आणि कनाती खाली ओढतात, आणि रेटा आणि ओढ ह्यांच्या झटापटीत मंडप ताठ राहतो. एक दोरी सैल करा, सबंध मंडपाचा आकार बदलतो. अगदी टोकाच्या बांबूलाही ते कळते. शिवालयाचा एक चिरा ढिला झाला तर दुसऱ्या टोकाला त्याची खबर लागत नाही. पेशीची जात मंडपाची आहे.

तिचे बांबू म्हणजे सूक्ष्मनलिका. पोकळ, ताठ, जाडी मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाइतकी. तिच्या दोऱ्या म्हणजे ॲक्टिन ह्या प्रथिनाचे धागे, त्याहूनही तिपटीने बारीक. ॲक्टिन प्रथम सापडले ते स्नायूत, १९४२ साली हंगेरीतील सेगेद गावी. पुढे कळले की स्नायू नसलेल्या पेशींतही ते भरपूर आहे, आणि स्नायूप्रमाणेच मायोसिन नावाचे दुसरे प्रथिन ह्या धाग्यांना धरून ओढत असते. तिसऱ्या प्रकारचे धागे मधल्या जाडीचे, चिवट, पेशी फाटू नये म्हणून असलेले. त्यांतल्या केराटिनचा तोंडाच्या कर्करोगाशी काय संबंध ह्यावर खारघरच्या टाटा केंद्रात काम झाले आहे. पण आजच्या कथेत त्यांचे काम थोडे, म्हणून त्यांना इथेच सोडतो.

मंडपाची उपमा एका ठिकाणी मात्र लंगडी पडते. मंडप एकदा घातला की समारोपापर्यंत तसाच राहतो. पेशीचा मंडप क्षणोक्षणी सोडला आणि बांधला जात असतो. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये काम केलेले कोणी इथे असतील तर त्यांनी लगद्यापासून धागा होताना पाहिला असेल. समजा, तोच धागा एका टोकाने तयार होतो आहे आणि दुसऱ्या टोकाने विरघळून पुन्हा लगदा होतो आहे, आणि हे मिनिटामिनिटाला चालले आहे. ॲक्टिनचा धागा म्हणजे लहान मण्यांची माळ. एका टोकाला मणी ओवले जातात, दुसऱ्या टोकाने सुटतात. सूक्ष्मनलिका तर आणखी लहरी. ती वाढत वाढत जाते आणि अचानक कोसळून आखूड होते, पुन्हा वाढते. हा लहरीपणा मिचिसन आणि किर्शनर ह्या दोघांनी १९८४ साली दाखवला. पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल. पण ज्याला कुठल्या दिशेला जायचे हे आधी ठाऊक नाही, त्याने सगळीकडे हात टाकून पाहावे आणि जिथे पकड मिळेल तिथे टिकावे, ह्यापेक्षा शहाणपणाची रीत कोणती?

नवी रक्तवाहिनी नेमकी ह्याच रीतीने निघते. वाहिनीवर्धकाचा निरोप आला की जुन्या केशवाहिनीच्या अस्तरातील एक पेशी पुढारीपण घेते. बाकीच्या शेजारणींना ती पुढारी होऊ देत नाही. सगळ्याच पुढे धावल्या तर वाहिनी फाटून जाईल. ही पुढारी पेशी कोळ्याच्या पायांसारखी बारीक बोटे बाहेर काढते. त्या बोटांत ॲक्टिनच्या धाग्यांच्या जुड्या असतात. बोट पुढे सरकते, चाचपते, भोवतालच्या चिवट जाळ्याला चिकटते. मग मायोसिन मागून ओढ लावते आणि पेशीचे सबंध अंग पुढे येते. सूक्ष्मनलिका पेशीला एका दिशेला तोंड करून ठेवतात आणि पुढच्या टोकाला लागणारा माल त्यांच्यावरूनच वाहिला जातो. पाठीमागच्या पेशी विभागून रांग वाढवतात, रांगेच्या पोटात पोकळी पडते, आणि हा फाटा समोरून येणाऱ्या दुसऱ्या फाट्याला भेटला की रक्त वाहू लागते. पुढारी पेशीची ही बोटे निरोपाच्या दिशेने कशी वळतात हे २००३ साली उंदराच्या पिलाच्या दृष्टिपटलावर स्पष्ट झाले. दहा वर्षांनी एका लहानशा पारदर्शक माशाच्या गर्भात ती बोटे औषधाने निघूच दिली नाहीत. तरी पेशी पुढे गेलीच, फक्त हळू आणि अडखळत. म्हणजे बोटे गेली तरी पेशी जागची हलते. ॲक्टिनचे जाळे दुसऱ्या तऱ्हेने पुढे रेटते.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. फोकमनच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड इंग्बर नावाचा तरुण काम करीत होता. येल विद्यापीठात शिकत असताना त्याने दांडे आणि तारा ह्यांच्या ओढीवर उभी राहणारी शिल्पे पाहिली होती आणि पेशीही अशीच असली पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले होते. जीवशास्त्रज्ञांना हे कवित्व वाटले. १९८९ साली त्याने आणि फोकमनने दाखवले की वाढीचे रसायन तेच ठेवून नुसती चिकटण्याची जमीन बदलली तर अस्तरपेशींचे वागणे बदलते. भरपूर घट्ट चिकटता आले तर त्या पसरून विभागत राहतात; जमीन मध्यम असली तर आकसून नळीचा आकार घेतात.

तरी शंका उरलीच. कमी चिकटली म्हणजे पेशीला त्या जमिनीतून रसायन कमी मिळाले असेल. आकाराचे श्रेय कशावरून? हा आक्षेप फेडण्यासाठी १९९७ साली केलेला प्रयोग मला फार देखणा वाटतो. काचेवर चिकट प्रथिनाचे ठिपके छापले, कापडावर ठसे उमटवतात तसे, पण मायक्रोमीटरच्या मापाचे. ठिपक्याबाहेर पेशीला चिकटता येऊ नये अशी व्यवस्था केली. प्रत्येक ठिपक्यावर केशवाहिनीची एकेक पेशी बसली. अन्न सर्वांना तेच, वाढीचे रसायन तेच. मोठ्या ठिपक्यावरची पेशी पसरली आणि विभागण्याच्या मार्गाला लागली. लहान ठिपक्यावरची पेशी गोळा होऊन बसली आणि काही काळाने मेली. कोणी मारली नाही, तिने आपणहून आपला कारभार आटोपला. मग त्यांनी कळीची गोष्ट केली. एका ठिपक्याऐवजी त्याचे अगदी बारीक बारीक ठिपके करून ते दूरदूर मांडले. चिकटायला मिळणारी एकूण जागा तेवढीच राहिली, मात्र ती मिळवायला पेशीला हातपाय ताणावे लागले. ताणलेली पेशी जगली. चिकटलेल्या जागेपेक्षा पसरलेल्या अंगाला महत्त्व होते. दोन वर्षांनी ह्याच मंडळींनी ठिपक्यांऐवजी दहा मायक्रोमीटर रुंदीच्या रेघा छापल्या, तेव्हा त्यांवरच्या पेशी ना मेल्या ना विभागल्या. एकमेकींना धरून त्यांनी पोटात पोकळी असलेल्या नळ्या केल्या. तीस मायक्रोमीटरच्या रुंद रेघेवर ते जमले नाही.

एकच हुकूम, आणि जगणे, मरणे, नळी होणे असे तीन निकाल. निकाल कोणी लावला? पेशीला किती अंग पसरता आले, म्हणजेच तिच्या आतल्या दोऱ्यांवर किती ताण आला, ह्याने लावला. सांगाडा म्हणजे पेशीला उभे ठेवणारा नुसता आधार, ही समजूत इथे संपते.

इंग्बरच्या कथेतील एक उपकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८५ च्या सुमारास त्याच्या बशीतल्या अस्तरपेशींना बुरशी लागली. असे झाले की बशी फेकून देण्याचा नियम असतो. त्याने फेकण्यापूर्वी पाहिले. बुरशीच्या जवळच्या पेशी मेल्या नव्हत्या, त्या नुसत्या गोल झाल्या होत्या. आकार बदलला म्हणजे वागणे बदलेल, ह्या विचाराने भारलेल्या माणसाला एवढे पुरे होते. त्या बुरशीतून फ्यूमॅजिलिन नावाचा पदार्थ निघाला, त्याने रक्तवाहिन्यांची वाढ थांबते असे आढळले, आणि १९९० साली त्याचा सुधारलेला भाऊबंद शास्त्रीय जगापुढे आला. माणसांवरच्या चाचण्यांत मज्जासंस्थेला होणाऱ्या त्रासामुळे ते औषध मागे पडले. पेनिसिलिनसारखा सुखान्त ह्या बुरशीच्या वाट्याला आला नाही.

आता आपल्याकडे. कोंबडीचे फलित अंडे तीन दिवस उबवून अलगद फोडले तर बलकावर तांबड्या रेषांची जाळी दिसते आणि मध्ये ठिपक्याएवढे हृदय उडताना दिसते. ॲरिस्टॉटलने हे पाहून लिहून ठेवले आहे. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. लीला मुल्हेरकर ह्यांनी एडिंबरोहून शिकून आल्यावर कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. शास्त्राला लागणारी सामग्री किती साधी असू शकते हे आपल्या मुलांना कळावे म्हणून हा उल्लेख केला. ह्याच बलकावरच्या जाळीत जर्मनीच्या रिचर्ड थोमा ह्याने पाहिले की ज्या वाहिनीतून रक्त जोराने वाहते ती रुंदावते आणि जिच्यातले वाहणे मंदावते ती आटून नाहीशी होते. १८९३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. ह्याचे कारण आज आपल्याला सांगता येते. वाहते रक्त अस्तरपेशीला घासून जाते, त्या घर्षणाने तिच्यातले ॲक्टिनचे धागे प्रवाहाच्या दिशेने लावून घेतले जातात, आणि पेशी लांबट होऊन प्रवाहाशी समांतर पडते. वाहिनीचा नकाशा आधी कोणी आखून दिलेला नसतो. उल्हासनगरातल्या गल्ल्यांचाही नव्हता म्हणा. पण तिथे वर्दळीने गल्ली रुंद होत नाही, उलट अरुंद होते, एवढाच फरक.

सांगाड्यावर घाव घालणारी औषधे आपल्या परसातच उगवतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या झाडीत पिवळ्यातांबड्या ज्वाळांसारखी फुले दिसतात ती कळलावीची. बाळंतपणी कळा लावणारी म्हणून हे नाव. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते. ते सूक्ष्मनलिकेच्या विटांना चिकटते आणि नलिका रचू देत नाही. किंबहुना त्या विटा, म्हणजे ट्युब्युलिन हे प्रथिन, शास्त्रज्ञांच्या हाती लागले तेच कोल्चिसिन कशाला चिकटते हे शोधताना, १९६७ साली. कोल्चिसिनने प्राण्यांच्या गाठींत रक्तस्राव होतो हे १९३०–४० च्या दशकातच दिसले होते. गाठीच्या रक्तवाहिन्या कच्च्या, घाईघाईने उभ्या केलेल्या असतात. त्यांच्या पेशींचे बांबू काढून घेतले की त्या ढासळतात. पक्क्या वाहिन्या तग धरतात. परंतु कोल्चिसिनची औषधी मात्रा आणि मारक मात्रा ह्यांत अंतर इतके थोडे की कर्करोगात ते चालले नाही.

दुसरी वनस्पती सदाफुली. मूळची मादागास्करची, आता आपल्या तुळशीवृंदावनाशेजारची. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ह्यांच्याकडे जमैकाहून तिची पाने आली ती मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून. उंदरांची साखर उतरली नाही. पांढऱ्या रक्तपेशी मात्र भराभर घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन निघाले, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिनने किती घरे वाचवली ह्याची गणती नाही. आपल्याकडे सकाळी उठून मधुमेहासाठी सदाफुलीची पानेफुले चावून खाणारे लोक आहेत. त्यांना मी एवढेच सांगेन की ज्या पदार्थाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून डॉक्टर तो शिरेतून देतात, त्याच पदार्थाशी हा खेळ आहे, आणि नोबल-बीअरच्या उंदरांची साखर त्याने उतरली नव्हती.

ह्या औषधांचा नेहमीचा उपयोग कर्कपेशीला विभागू न देणे हा. मात्रा मोठी, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने, आणि मधल्या काळात रोग्याने सावरायचे. पण गेल्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले की कर्कपेशी मारायला लागते त्याच्या कितीतरी कमी मात्रेत व्हिन्ब्लास्टिन अस्तरपेशीची चाल मोडते. पेशी मरत नाही. तिच्या सूक्ष्मनलिकांचा लहरी खेळ मंदावतो, तिला दिशा राहत नाही, फाटा निघत नाही. २००० साली टोरांटोच्या संशोधकांनी उंदरांना असे थोडे थोडे व्हिन्ब्लास्टिन वारंवार दिले, जोडीला वाहिनीवर्धकाचा निरोप अडवणारे औषध दिले, आणि गाठी आटून महिनोन् महिने तशाच राहिल्या. तबल्याच्या ठेक्याप्रमाणे खंड न पाडता लहान मात्रा देण्याच्या ह्या पद्धतीला मेट्रोनॉमिक हे नाव पडले.

आणि इथे आपली लोकलगाडी परळला पोचते. १९४१ साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रोगी देशभरातून येतात. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या अशा रोग्यांना दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन देण्याची रीत होती. त्यासाठी रुग्णालयात यावे लागते, मूत्रपिंडे सांभाळावी लागतात, रोजंदारी बुडते. तिथल्या डॉक्टरांनी ४२२ रोग्यांवर तुलना केली. निम्म्यांना सिस्प्लॅटिन; निम्म्यांना घरी घ्यायच्या गोळ्या, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोन वेळा सेलेकॉक्सिब. दोन्ही औषधे जुनी, स्वस्त, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे ठेवलेली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. सिस्प्लॅटिनच्या गटाचे मध्यक आयुष्य ६.१ महिने, गोळ्यांच्या गटाचे ७.५ महिने, आणि गंभीर त्रासही गोळ्यांच्या गटात कमी.

ह्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. सव्वा-दीड महिन्याचा फरक हा विजय म्हणायचा तर फार नम्रपणे म्हटले पाहिजे. मेथोट्रेक्सेट काही सांगाड्यावरचे औषध नाही हेही सांगितले पाहिजे. ह्या गोळ्यांचा परिणाम काही अंशी नव्या वाहिन्या रोखून होतो आणि काही अंशी इतर मार्गांनी, असे मानतात. परंतु लहान मात्रेने निजलेल्या-जागलेल्या अस्तरपेशीला गाठता येते ही कल्पना ज्या प्रयोगांनी रुजवली त्यांत सदाफुलीच्या औषधाचा वाटा आहे. आणि बदलापूरच्या माणसाला गाडीच्या गर्दीत परळपर्यंत न जाता जे महिने मिळाले, ते त्याने घरच्या माणसांत काढले, ही गोष्ट मला आकड्याहून मोठी वाटते.

आता ती विसंगती. मधुमेह्याच्या डोळ्यात केशवाहिन्या बुजतात, दृष्टिपटल उपाशी पडते आणि वाहिनीवर्धकाचे निरोप सोडते. हुकूम आला, आणि दृष्टिपटलाला लागूनच डोळ्यातल्या पारदर्शक गराचा पृष्ठभाग असतो, त्यात प्रथिनांच्या तंतूंचे जाळे. चिकटायला, ताणायला आयती जमीन. नवे फाटे त्या पृष्ठभागावर वेलीसारखे चढतात. ते कच्चे असल्याने फुटतात आणि गरात रक्त उतरते. पुढे त्यांच्याबरोबर वाढलेल्या पेशी त्याच ॲक्टिन-मायोसिनच्या ओढीने आकसू लागतात, आणि ती ओढ दृष्टिपटलाला मागच्या भिंतीपासून उचलून काढते. डोळा जातो तो पुष्कळदा ह्या शेवटच्या ओढीने. पायात नेमके उलट. मोठ्या धमन्या अरुंद झालेल्या, संवेदना गेलेली, जंतूंचा शिरकाव. शिवाय साखरेने तिथले तंतू एकमेकांना बांधून टाकलेले, जमीन ताठर आणि निकामी. इथे हुकूम क्षीण आहे, आणि आला तरी पेशीला धड पकड मिळत नाही. पायाचे उत्तर एवढ्यात मावत नाही, पण एवढे त्यात आहेच.

पेशीच्या दोऱ्या सैल करणारे थेंब डोळ्यात घालण्याचे धाडस मात्र झाले आहे. जपानने २०१४ साली रिपासुडिल हे औषध काचबिंदूसाठी मान्य केले. ॲक्टिनची ओढ घट्ट ठेवणाऱ्या एका विकराला ते थोपवते. डोळ्यातला पाण्याचा निचरा मोकळा होतो आणि दाब उतरतो. मधुमेहाच्या डोळ्यात तोच विकर थोपवून पाहण्याचे संशोधन चालू आहे. ते हाती येईपर्यंत लेझर, सुई आणि शस्त्रक्रिया ही तीन साधने आहेत, आणि त्यांचा उपयोग वेळेवर कळले तरच. पहिल्या पायऱ्यांवर दुखत नाही, दिसायलाही बरे दिसते. म्हणून मधुमेह्याने चष्म्याचा नंबर काढणे निराळे आणि बाहुली मोठी करून दृष्टिपटल वर्षातून एकदा तपासून घेणे निराळे.

माझे बोलणे इथे थांबते. बाहेर टेबलावर एक सूक्ष्मदर्शक मांडला आहे. ओल्या कापसात गुंडाळलेल्या लहान माशाची शेपटी त्याच्याखाली आहे. तिच्या पातळ पडद्यात केशवाहिन्यांतून रक्तपेशी एकामागून एक जाताना दिसतात, एखाद्या वळणावर थबकतात आणि पुन्हा निघतात. मासा फार वेळ तसा ठेवता येत नाही, तेव्हा लहान मुलांना आधी पुढे येऊ द्यावे.